नानांना पसंत पडेल असं पोलाद

नाना आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा बसण्याआधीच त्यांनी झोळीतून कानस काढली आणि आमच्या दाराची कडी घासून पाहिली. "मऊ आहे," ते खेदानं म्हणाले. बँकेच्या बदलीनं आम्ही नुकतेच बनारसला आलो होतो. मला वाटलं, इथल्या मराठी घरांत अशीच पद्धत असेल.

पद्धत नव्हती, नाना होते. रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवून निवृत्त झालेले. संकठा घाटाच्या वर, आमच्याच गल्लीत, एका खोलीत एकटे राहत. खोलीत जुना लेथ आणि उरलेल्या जागेत खाट. त्या लेथवर ते पोळ्यांच्या डब्यात मावेल एवढं इंजिन घडवत होते. सिलिंडर तयार, दट्ट्या तयार, चाक तयार. घोडं अडलं होतं क्रँकशाफ्टपाशी. दट्ट्याच्या जोरावर चाक फिरवणारा तो वाकडा दांडा, सगळा भार त्याच्यावर.

"मऊ घेतला तर पिळवटेल, फार कडक घेतला तर तडकेल," नाना समजावत. "आणि बाजारातली चकचकीत सळी घ्याल, तर कापली की टेढी. पोटात ताण असतो हो तिच्या. ऊपर से सब ठीक!"

म्हणून नाना घरोघरी पोलाद शोधत. पंचगंगा घाटावरच्या नावाड्याचा नांगर त्यांनी नापास केला. एका हळदीकुंकवात बायकांच्या घोळक्यात शिरून तबकातला अडकित्ता घासला. "ठीक है, पण मजा नाही," म्हणाले आणि खिरापत घेऊन बसले. अडकित्त्यातून क्रँकशाफ्ट कसा निघणार, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. उपवर मुलीच्या बापानंही इतकी स्थळं नाकारली नसतील. प्रत्येक घरी नकार आणि प्रत्येक घरी चहा.

शेवटी मीच इरेला पेटलो. दिवाळीत पुण्याला गेलो, तेव्हा एका कारखानदार मित्राकडून खास क्रँकशाफ्टचंच पोलाद आणलं. ईएन चोवीस, प्रमाणपत्रासकट. बर्थवर उशाशी घेऊन झोपलो होतो.

नानांनी आपल्या खोलीतल्या सहाणेच्या चाकाला सळी लावली, ठिणग्या निरखल्या. त्यांचा चेहरा उतरला. "बघतो," एवढंच म्हणाले. मला रागच आला.

"चहा टाकतो," नाना म्हणाले. "खाटेखालून साखरेचा डबा द्या जरा."

मी वाकलो. डब्यामागे तेलकट फडक्यात काहीतरी जड होतं. फडकं सुटलं. आत तशीच सळी, टोकाला रंगानं लिहिलेलं: ईएन २४. फडकं पार पिवळं पडलं होतं.

नाना दुधाचं पातेलं धरून उभे होते.

"रिटायर झालो त्याच महिन्यात आणली," ते हळूच म्हणाले. "पण दांडा झाला की इंजिन झालं. मग कुणाच्या दारी काय सांगून जायचं?"

मला फार वाईट वाटलं. सळीचं नाही, माझ्या प्रमाणपत्राचं. मी त्यांची सळी होती तशी गुंडाळून ठेवली आणि माझी उचलून पिशवीत घातली.

"नाना, ही मलाच जरा संशयास्पद वाटतेय. परत पाठवतो," मी म्हणालो. "आणि आमच्या हिनं नवी विळी आणलीय. तिची पात बघून जाल का?"

नानांनी पातेलं खाली ठेवलं आणि झोळी चाचपली. कानस होती.

"विळीची पात सहसा कडक निघते," ते म्हणाले. "पण बघायला तर हवं. उद्या किती वाजता येऊ?"