नव्या फोनातली पांढरी एक

मनमोहनराव विजयकरांना गायचं होतं. रामनवमीला, गिरगावातल्या वाडीच्या राममंदिरात, माइकसमोर, एकट्याने. तेहतीस वर्षं ते तिथल्या भजनी मंडळात तिसऱ्या ओळीत बसून झांजा वाजवत आले होते. यंदा मंडळाचे गायक रामजीबुवा यांचा घसा बसला आणि जन्मकाळानंतरचं पहिलं पद मनमोहनरावांकडे आलं. बुवांनी अट एकच घातली, दोन दिवस तोंडातून सूर काढायचा नाही, आवाज राखायचा.

नेमकं तेव्हाच मनमोहनरावांच्या मुलाने, गंधारने, वडिलांचा अँड्रॉइड फोन बदलायला देऊन टाकला आणि स्वतःचा आयफोन, त्यात त्यांचा चेहरा नोंदवून, त्यांच्या हातात ठेवला.

"पप्पा, यात फक्त कामाचीच अ‍ॅप्स टाकलीत. किती चाललात, किती झोपलात, पाणी कधी प्यायचं, सगळं सांगतं."

"आणि तंबोरा?"

जुन्या फोनातलं तंबोऱ्याचं अ‍ॅप इकडे मिळेना. ते कुणा पेटीवाल्याने केलेलं, त्यामुळे पट्ट्यांची नावं आपली होती. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. मनमोहनराव पांढरी एकमध्ये गात. बाप-लेकांनी मिळून अकरा तंबोरे उतरवून पाहिले. एकात मध्येच गुडघ्याच्या तेलाची जाहिरात यायची, एक नुसता चित्रातच सुरेख होता. शेवटी एक पसंत पडला, पण त्यात पट्ट्या इंग्रजी अक्षरांत. गंधारला गाण्यातलं काही कळत नव्हतं. मनमोहनरावांना कळत होतं, आणि घात झाला तो तिथेच. आयुष्यभर फायली लावलेल्या कारकुनाला पहिलं अक्षर कुठलं हे कुणाला विचारायला लागत नाही. पांढरी एक म्हणजे ए. त्यांनी ए निवडला.

पेटीवाला कुणीही सांगेल, पांढरी एकला इंग्रजीत सी म्हणतात. ए म्हणजे पांढरी सहा, बायका गातात ती. तंबोरा जरा उंच लागलाय असं त्यांना वाटलं खरं. पण महागाचा फोन, सूर स्वच्छ येणारच, अशी त्यांनी समजूत घातली. गाऊन पाहावं, तर मौन.

रामनवमीला फोन माइकला टेकवला आणि तंबोरा घुमला. पेटीवर बसलेले बाबुराव वाकून म्हणाले, "आज एवढ्या वरून, मनमोहनराव?" मनमोहनरावांनी अखेरच्या क्षणापर्यंत मौन पाळत नुसते हात जोडले. बाबुरावांना तो आत्मविश्वास वाटला.

पहिली ओळ त्यांनी कशीबशी ओढली. दुसरीला आवाज कळसापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. मंडपातली कबुतरं उठली. वाडीतल्या तीन कुत्र्यांनी साथ दिली म्हणतात, पण खरं सांगायचं तर दोनच होती. मनमोहनरावांनी पट्टी उतरवायला फोन उचलला, तर तो कुलूपबंद. उघडायला त्याला मालकाचा चेहरा हवा होता. मानेच्या शिरा ताठलेला तो लालभडक चेहरा काही त्याला ओळखू येईना. फोनचा दोष नव्हता. सरोजिनीबाईंनीही लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत तसा चेहरा पाहिला नव्हता.

तेवढ्यात फोन किणकिणला. पाणी पिण्याची वेळ झाली होती. मनमोहनरावांनी मुकाट्याने भांडं तोंडाला लावलं.

तेवढ्या वेळात बायकांच्या बाजूने दुसरी ओळ उचलली गेली, अलगद, अगदी त्याच पट्टीत. सरोजिनीबाई गात होत्या. बाबुरावांनी दचकून पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले. पद संपेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. मनमोहनरावांनी मधेच कधी झांजा हातात घेतल्या, ते त्यांनाही कळलं नाही. बसक्या घशाने रामजीबुवा एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षीही तुम्हीच."

दोघं घरी परतली. जिन्यात मनमोहनरावांनी विचारलं, "गाणं शिकली होतीस तू?"

"लग्नाआधी सहा वर्षं."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"बोलायचं काय त्यात? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात गात बसले होते सकाळी. तुम्ही आतून म्हणालात, जरा हळू, माझा रियाज चाललाय."

मनमोहनरावांनी खिशातून किल्ली काढली. पण कुलपाचं भोक त्यांना बराच वेळ सापडेना.