गाळावर चाललेली गाडी

"बाबा, गाळाचा करार आज करू नका. आधी गाडी चालवून बघा," सून म्हणाली.

मालकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. खाद्यतेल शुद्ध करण्याचा कारखाना त्यांनी शून्यातून उभा केला होता. पण तेल साफ करताना मागे उरणारा चिकट, तपकिरी, वास मारणारा गाळ म्हणजे त्यांच्या डोक्याला कायमचा ताप. एक साबणवाले गृहस्थ तो जवळजवळ फुकटात उचलायचे, आणि आज पाच वर्षांचा करार करायला ते स्वतः येणार होते. सून रसायनशास्त्र शिकलेली. लग्न होऊन आल्यापासून तिचा त्या गाळावर डोळा. पहिल्या खेपेला तिने कॉस्टिक सोडा आधी घातला आणि पिंपभर साबण झाला. घरातले हसून हसून बेजार झाले. ती मात्र हटली नाही. गाळातला तेलकट भाग वेगळा काढला, मिथेनॉल आणि थोडं अ‍ॅसिड घालून तापवला, धुतला, सुकवला आणि शेवटी मधासारखं नितळ डिझेल सासऱ्यांच्या टेबलावर आणून ठेवलं. मालक मनातून थक्क झाले होते. पण सुनेचं तोंडावर कौतुक करायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "साबणवाल्यांना आपल्या गाडीतूनच आणू. गाडी धड आली तर गाळ तुझा. अडली तर करार."

टाकीत सुनेचं डिझेल भरून सगळे निघाले. जाताना गाडी अशी सुरळीत गेली की ड्रायव्हरनेही दोनदा आरशात बघितलं. मागे धूर नव्हता. परतताना साबणवाले पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पुढे बसले, मालक आणि सून मागे. आणि पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके देऊन मान टाकली.

"गाळच तो. गाळातच रुतणार," साबणवाले मजेत म्हणाले.

"काका, फिल्टर काढा," सून ड्रायव्हरला म्हणाली. फिल्टर काजळीसारखा काळा निघाला. तिने पिशवीतून नवा काढून दिला आणि गाडी सुरू झाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतोय तोवर भर चौकात ती पुन्हा बंद पडली. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. शेवटी साबणवाल्यांनाही उतरून धक्का मारावा लागला, आणि गाडी कडेला लागेपर्यंत त्यांचे कपडे ओळखू येईनात.

"झाली एवढी शोभा पुरे," ते धापा टाकत म्हणाले. "द्या सही."

"बाबा, ही घाण माझ्या डिझेलची नाही," सून म्हणाली. "हे डिझेल टाकीतला जुना मळ सोडवतं, तोच फिल्टरमध्ये येऊन अडकतोय. टाकी शेवटची कधी धुतली होती?"

ड्रायव्हर एकदम आभाळात ढग शोधू लागला. ड्रायव्हर दरवर्षी टाकी धुवायचं विचारायचा आणि मालक दरवर्षी म्हणायचे, "चालतेय ना? मग चालू दे." आता गप्प बसलं असतं तरी ड्रायव्हरने तोंड उघडलं नसतं आणि खापर आपसूक सुनेवर फुटलं असतं. मालकांनी तिच्याकडे बघितलं. गालाला काळं फासलेलं, कपाळावर आठी नाही, आणि ती तिसरा फिल्टर बसवत होती. एवढं सोनं आपल्या घरात आलं आणि आपण त्याची पारख धक्के मारून करतोय, असं वाटून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"टाकी मीच धुवू दिली नाही," ते म्हणाले. "चूक माझी. करार होणार नाही, साबणवाले. गाळ हिचा."

आता भांडण होणार म्हणून ड्रायव्हरने हळूच गाडी सुरू केली. ती या खेपेला मांजरासारखी गुरगुरत राहिली. साबणवाल्यांनी जुना फिल्टर उचलला, त्यातला काळा थर बोटावर घेऊन चोळला, वास घेतला.

"तीस वर्षं साबण विकतोय," ते म्हणाले, "पण एवढा मळ माझ्या साबणाने कधी काढला नाही. माझे तीन ट्रक आहेत, तिन्ही खोकतात. डिझेल देणार का?"

"मला काय विचारता?" मालक म्हणाले. "धंदा तिचा आहे."

सुनेने हात पुसले.

"देईन की, काका. फक्त फिल्टर भरपूर आणा, आणि येताना जरा जुने कपडे घाला."