आमच्या बँडचा नवा आवाज

त्या रविवारी सकाळी मी एवढंच ठरवलं होतं, की आमच्या बँडचा नवा अल्बम बायकोला ऐकवायचा आणि तो किती भिकार आहे हे तिच्या तोंडून वदवून घ्यायचं.

आमचा म्हणजे एकेकाळी आमचा. सध्या मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसतो. पण सव्वीस वर्षांपूर्वी एका थ्रॅश मेटल बँडमध्ये बास गिटार वाजवायचो. (थ्रॅश मेटल म्हणजे चार माणसं गाणं आधी कोण संपवतो याची शर्यत लावतात आणि त्यातला एक जण जगाने त्याला कसं फसवलं ते ओरडून सांगतो.) पुढे ड्रमवाल्याची कंबर गेली, दुसरा गिटारवाला सासऱ्याच्या फरशांच्या दुकानात बसला आणि मला कायमची नोकरी लागली. उरला गाणारा बिबट्या. त्याने तीन नवी माणसं घेतली, नाव मात्र तेच ठेवलं.

पहिलं गाणं लागलं. दीड मिनिट नुसती संथ गिटार. मग बिबट्या ओरडायचं सोडून चक्क गायला लागला.

“ऐकलंस? बिबट्याचं मांजर झालंय!”

“छान आहे की,” बायको इस्त्री करता करता म्हणाली. “शब्द कळतात. आणि ते खालून घुमतंय ते काय?”

“बास.”

“तुम्ही वाजवायचात ते? ते ऐकू येतं होय?”

हे मला झोंबलं. मी माळ्यावरून जुनी बास आणि तिचा भलामोठा स्पीकर उतरवला, भिंतीतल्या काचेच्या कपाटाला टेकवून ठेवला, आमचा पहिला अल्बम लावला आणि त्याच्यासोबत वाजवायला लागलो. बोटं दुसऱ्याच ओळीत दमली. तेवढ्यात कपाटाची वरची फळी सुटली. बायकोच्या आईने दिलेला टी-सेट खाली आला. सहा कप, सहा बश्या, किटली. साखरेचं भांडं तेवढं वाचलं.

“मागे सरका. पायात काच जाईल,” बायको म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो. मी बिबट्याला फोन लावला. (तोही स्पीकरवर. बायकोला कळू दे, दोष कुणाचा आहे ते.)

“तुझ्या त्या नव्या बासवाल्याला आपला वेग झेपतो का रे?” मी सुरुवातच केली. “त्याला पहिला अल्बम ऐकव. तिसरं गाणं! माझी बोटं ऐकव!”

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

“तुला एक सांगायचं राहिलंय,” बिबट्या म्हणाला. “रेकॉर्डिंग झालं आणि तू नोकरीच्या परीक्षेला गेलास, आठवतं? तुझं तालात बसत नव्हतं रे. स्टुडिओवाला म्हणाला, पुसा. मग मीच वाजवलं.”

“तिसरं गाणं?”

“नऊच्या नऊ.”

“आणि सव्वीस वर्षं बोलला नाहीस?”

“सांगणार होतो. पण तुझ्या लग्नात तू ते सगळ्या पाहुण्यांना ऐकवत होतास.” मग घाईघाईने म्हणाला, “पण चौथ्या गाण्यात आपण चौघं मागे ओरडतो ना, त्यात तू आहेस. ते नाही पुसलं.”

मी फोन ठेवला. बायको काचांनी भरलेली सुपली धरून उभी होती. ती माझ्या मोज्यांवरही मत देते. आज काहीच बोलली नाही. माणसावर इतकी वाईट वेळ येऊ नये.

मग तिने सुपली खाली ठेवली आणि स्वतःच्या हाताने चौथं गाणं लावलं. चार सेकंदांची आरोळी आली आणि गेली.

“यातले तुम्ही कुठले?”

मी कान लावला. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चार गळे एकात एक कालवलेले. माझा मलाच सापडेना.

चौथ्यांदा तिने लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि बोट वर केलं. सगळे थांबल्यानंतरही एक जण आपला ओरडतच होता.

“हे तुम्ही,” ती म्हणाली.