पंचेचाळीसचे हेडर्स, सत्तेचाळीसचा कर्नल

डोंबिवली पूर्वेला, तळमजल्यावर, मंदाकिनीबाईंचं वधू-वर सूचक केंद्र आहे. शनिवारी सकाळी केंद्राच्या संगणकाने स्वतःला अद्ययावत करून घेतलं आणि वाय-फायच्या डोंगलला ओळख दाखवणं बंद केलं. एरवी ही बाब किरकोळ होती. पण पाच वाजता जर्मनीतला साकेत व्हिडिओवर येणार होता, आणि बघायची मुलगी म्हणजे बाईंचीच ऋजुता. पत्रिका जुळलेली, एकोणतीस गुण. ऋजुताची अट एकच: माणूस बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. मोबाईलला रेंज फक्त गल्लीत यायची, वाय-फायचा पासवर्ड संगणकाशिवाय कुणाला ठाऊक नव्हता, आणि मुलगी गल्लीत उभी करून दाखवणं केंद्राच्या नियम सातमध्ये बसत नव्हतं.

दोन वाजता आंबिवलीहून भाचा नील पेनड्राइव्ह घेऊन आला. संगणकात विंडोजऐवजी लिनक्स त्यानेच बसवलेलं.

"मावशी, कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. हेडर्स ही त्या गाभ्याची पत्रिका समज. ती बघून डोंगलचा ड्रायव्हर बनतो. आकडा तंतोतंत जुळला पाहिजे." मग त्याने पडद्याकडे बघितलं. "अगं, इथे कर्नलच्या आकड्यात शेवटी सत्तेचाळीस आहे! फोनवर विचारलेलं तर तू पंचेचाळीस म्हणालीस. मी पंचेचाळीसचेच हेडर्स आणलेत."

"म्हणाले असेन." कुणाचाही आकडा दोनने कमी सांगणे ही केंद्राची तीस वर्षांची कार्यपद्धती होती.

"परत जाऊन आणतो. साडेचारला इथे."

"बस खाली. दोनाच्या फरकासाठी कुणी आंबिवली गाठतं का? पंचेचाळीस खोड, सत्तेचाळीस लिही."

"नाव बदललं म्हणून आतलं बदलत नाही गं."

"हे तू मला सांगतोस?"

नीलने खोडलं, लिहिलं. ड्रायव्हर बनला. संगणकाने तो आत घ्यायला नकार दिला: हा दुसऱ्या कर्नलसाठी बनलेला आहे.

बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी संगणकाचं घड्याळ दहा मिनिटं मागे घ्यायला लावलं; या उपायाने आजवर पत्रिकेतले भलेभले मंगळ उतरले होते. नकार. तोवर चार वाजले.

"जबरदस्तीने घालायची सोय असते का रे?"

"असते, पण वापरायची नसते."

"आमच्यातही तसंच म्हणतात. घाल."

संगणक जागच्या जागी गोठला.

पाच वाजता टेबलावरचा लँडलाइन वाजला. वर्तकनगरहून साकेतची आई. "मंदाताई, व्हिडिओ काही लागत नाही. पण एकोणतीस गुण म्हटल्यावर बघायचं काय राहिलं? तारीख धरू या?"

"धरू या," बाई म्हणाल्या.

ऋजुताने विचारलं, "आई, माझी खरी जन्मवेळ कोणती गं?"

"जुळणारी."

सोमवारी संगणक भंगारात गेला. नोंदवहीत शेरा आहे: "हट्टी. जुळवून घेत नाही." त्याच वहीत केंद्राने जुळवलेली आठशे बारा लग्नंही आहेत. तुमचं त्यांत असेल, तर जन्मवेळेच्या रकान्यातली खाडाखोड नखाने खरवडत बसू नका. संसार चालू आहे ना? त्या संगणकाइतकं बारकाईने तुम्हाला कुणी तपासलं नाही, म्हणून चालू आहे.