कासवाच्या गाण्यातले बांगडे

अनुजानं लेख पाठवला तेव्हा तिनं सिनेमा पाहिला नव्हता. तशी गरजही तिला वाटली नव्हती. लहानपणीच्या कार्टून सिनेमातलं गाणारं कासव आता खरा समुद्र आणि खरी माणसं घेऊन पुन्हा पडद्यावर आलं होतं. त्यावर तिनं कणकवलीच्या एका साप्ताहिकाला नऊशे शब्द लिहून दिले. शीर्षक होतं, ‘मुळाला हात लावू नका’. अनुजा ग्रंथपाल होती. न पाहिलेल्या गोष्टीवरही ती तळटिपांसकट मत देऊ शके.

खरं कारण तळटिपांत नव्हतं. घरातली जुनी कॅसेट इंग्रजी होती आणि ती कुणालाच कळत नसे, म्हणून बाबा टीव्हीसमोर उभे राहून कासवाचं गाणं मालवणीत म्हणत. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं.

लेख गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “माका तां कासव बघूचां आसा.”

वर्षभरात अनुजाच्या आई, आनंदीबाई, घराबाहेर पडल्या नव्हत्या. लग्नं, बारशी, तारकर्लीच्या बहिणीकडचं जेवण, सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर होतं, नाय. अनुजानं लेखाचा विषय काढला नाही. आज आईचा दिवस बिघडू द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं.

एसटी स्टँडकडे जाताना आई मासळीबाजारात वळली आणि हौसाबाईच्या टोपलीपुढे थांबली.

“बांगडे कशे गो, हौसा?”

“आई, आपण कणकवलीक चललंव,” अनुजा म्हणाली. “येताना घेवया.”

“येयसर बाजार उठतलो.”

बाबा गेल्यापासून घरात स्वयंपाक अंड्यापुढे सरकला नव्हता. आईनं हातभर लांबीची अख्खी मुशी मागितली असती तरी अनुजानं खांद्यावर घेतली असती. हौसाबाईनं डझनभर बांगडे दिले आणि इतक्या महिन्यांनी जुनं गिऱ्हाईक दिसल्याच्या आनंदात पिशवीत दुप्पट बर्फ घातला.

थिएटरच्या दारात पाटी होती, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. डोअरकीपरनं पिशवीकडे बोट दाखवलं.

“हे खाद्यपदार्थ नाहीत,” अनुजा अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाली. “अजून व्हायचे आहेत.”

त्या शुद्धपणाला दबून त्यानं दोघींना आत सोडलं.

सिनेमा अनुजाच्या अपेक्षेइतका वाईट होता, त्यामुळे ती सुखावली. कासवाच्या मानेवरच्या सुरकुत्या मोजता येत होत्या, पण त्याला हसता येत नव्हतं. इतक्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “पप्पा, समुद्राचो वास येता.”

“नवीन टेक्निक आसतलां,” पप्पा अभिमानानं म्हणाले.

पडद्यावर वादळ सुरू झालं आणि पिशवीतला बर्फ वितळून उतारावरून पुढे निघाला.

“पप्पा, पाणी पण इलां.”

अख्ख्या रांगेनं पाय वर घेतले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. ‘या सिनेमाला समुद्राचा स्पर्शही नाही’ हे अनुजाच्या लेखातलं सर्वांत जोरदार वाक्य होतं.

डोअरकीपर टॉर्च घेऊन पाण्याचा माग काढत एकेक पायरी वर येऊ लागला. अनुजानं पिशवी पायांत दडवली. नेमकं तेव्हाच कासवाचं गाणं लागलं. आई आधी हळू, मग अगदी मोकळ्या आवाजात गाऊ लागली:

“कासवा रे कासवा, वाट खंयची धरलंस?
दर्याचां घर सोडून वाळूत कित्या शिरलंस?”

लपून बसायची वेळ होती, पण अनुजाला राहवलं नाही.

“आई, दुसरी ओळ चुकलंस. ‘सासरवाडीक जातंस, तर बांगडे कित्या इसरलंस?’ बाबा असां म्हणत.”

“तां त्येंचां. माझां असांच होतां.”

“तुझां?”

“गाणां मी केलंय, खोबरां खवताना. त्येंका दुसरी ओळ आठवली नाय, आणि जेवणाची येळ झालेली. म्हणान त्येंनी बांगडे घातल्यानी.”

टॉर्च पिशवीवर येऊन थांबला. डोअरकीपरनं आत डोकावून विचारलं, “व्हायचे आहेत, ते हेच का?”

अनुजानं पिशवी त्याच्या हातात दिली. नऊशे शब्द, अकरा तळटिपा, आणि जे मूळ म्हणून ती जन्मभर जपत आली होती, त्यालाच कुणीतरी भुकेच्या वेळी हात लावलेला.

त्यानं पिशवी कँटीनच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. थोड्या वेळानं पुढून आवाज आला, “पप्पा, वास गेलो.”

“मशीन बिघडलां आसतलां,” पप्पा म्हणाले.

परतीच्या एसटीतून अनुजानं साप्ताहिकाला फोन केला. अंक छापून झाला होता. संपादकांना शीर्षक फार आवडलं होतं.

परत मिळालेली पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. मग निदान आतातरी मुळाशी प्रामाणिक राहावं म्हणून गाणं गुणगुणू लागली. दुसरी ओळ तिनं मुद्दाम आईची घेतली.

“तसां नको गो,” आई म्हणाली. “त्येंचां म्हण.”

“पण मूळ तर तुझां मा?”

“ऱ्हवांदे,” आईनं पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं. “माझ्यात बांगडे नाय.”