मंगळवारचे गुडघे

"तात्या, तुमच्या घरी आता कोण बाई राहते?"

हा प्रश्न माझा नाही बरं का! कोमल आणि प्रेरणानं पैज लावली होती. आमच्या विंझर गावाच्या वर, डोंगरात, नाथातात्यांचं एकटंच घर आणि शेळ्यांचा गोठा. त्यांची बायको, कोंडाबाईकाकू, जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून तात्या गावात उतरले नव्हते. आणि धुकं दाटलं की वरून बाईचा आवाज येतो, असं अख्खं गाव कुजबुजत होतं.

"विचारून दाखव, तर तू खरी सुप्रिया!" कोमल म्हणाली.

मी कशाला घाबरते! शाळेतल्या समुपदेशन शिबिरात मला 'मनमित्र' असा बिल्ला मिळालाय. आरोग्य केंद्रात दर मंगळवारी येणाऱ्या समुपदेशक मंगलताईंनी स्वतः लावला. एकटेपणा कसा घालवायचा, ते माझ्या वहीत सात मुद्द्यांत लिहिलेलं आहे. "तात्यांचा एकटेपणा अर्ध्या तासात काढते," मी म्हटलं. जसा काही पायातला काटाच!

रविवारी निघाले तेव्हा माझे वडील, आबा, अंगणात टेम्पोत बसले होते. इंजिन बंद, हात स्टेअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. रोजच बसतात असे, अर्धा-अर्धा तास. मी हात हलवला, त्यांना दिसला नसावा. असो, मला मोठं काम होतं!

चारच्या सुमारास वर पोचलो, तर धुकं एवढं की स्वतःचं नाक चाचपून शोधावं लागत होतं. कोमल-प्रेरणा हिरड्याच्या झाडामागं थांबल्या. "आम्ही आहोत गं पाठीशी!" चांगली पन्नास पावलं पाठीशी.

तात्या चुलीपुढं बसले होते. चहाचं भांडं उकळत होतं, पुढ्यात दोन कप. घरात माणूस एकच. माझे सातही मुद्दे पळाले आणि तोंडातून थेट पैजेचा प्रश्नच निघाला.

तात्या रागावले नाहीत. तेच तर भयंकर होतं! शांतपणे म्हणाले, "ऱ्हात न्हाई. येती. शेळ्या परतायच्या वक्ताला."

"क... कोण?"

"तुजी काकू."

मी हसले. म्हणजे दात वाजले. काहीतरी करावं म्हणून दुसऱ्या कपाला हात लावला.

"त्यो तिचा हाय," तात्या म्हणाले.

आणि धुक्यातून आवाज आला. "हुर्र्र्य... या गं बायांनो, या! चंद्रे, मेले, फिर मागं!" काकूचाच! तोच बसका घसा! मग अगदी दाराशी, "अवं, ऐकलं का? च्या ठेवा!"

"ठिवलाय," तात्या धुक्याला म्हणाले.

खाली कशी आले ते मला विचारू नका. चपला वरच राहिल्या. 'पाठीशी' असलेल्या दोघी माझ्या आधी घरी पोचल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या आवाजाला पांढरं लुगडं, मोकळे केस आणि उलटे पायसुद्धा फुटले!

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानू भगत लिंबू-नारळ घेऊन डोंगर चढला. मागं पन्नास माणसं, त्यांत मीही. वर्षभरात ज्यांच्या चहाला एक जण फिरकला नव्हता, त्यांच्या दारात जत्रा! तात्या बिचारे "काय झालं? कोन गेलं?" करत उभे.

चार वाजले. धुकं दारापर्यंत आलं. घंटा किणकिणली.

"कोन हायस तू?" भगत गरजला. "बोल!"

"मेले, फिर मागं!" धुकं ओरडलं.

भगत आज्ञाधारकासारखा मागं फिरला आणि थेट पाण्याच्या दगडी डोणीत बसला! तेवढ्यात धुक्यातून एक भलीथोरली काळी शेळी बाहेर आली. चंद्री. गळ्यात घंटा, आणि घंटेशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाईल! काकू लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तेव्हा शेळ्या तात्यांना दाद देईनात. म्हणून तिनं आपली हाक रेकॉर्ड करून दिली होती. रोज चार वाजताचा गजर!

हशा उसळला. कुणीतरी मोबाईलवर झडप घातली, चंद्री उधळली, दोरी तुटली आणि मोबाईल भगताच्या मांडीवरून डोणीत.

"अवं, ऐक..." आणि बुडबुडे.

तात्यांनी पाण्यात हात घालून मोबाईल काढला. कानाला लावला. झटकला, पुन्हा लावला.

"दुसरीकडं कुठं न्हाई," ते म्हणाले. "येवढाच व्हता तिचा आवाज."

पन्नास माणसांनी माना खाली घातल्या. शेळ्या मात्र गोंधळात धुक्यात पांगल्या, आणि पलीकडं कडा! तात्या उठेचनात. मोबाईल कानाला धरून नुसते बसले.

मग मीच छाती भरून घेतली. "हुर्र्र्य... या गं बायांनो, या! चंद्रे, मेले, फिर मागं!"

हाक माझ्याच तोंडातून निघाली, पण आवाज काकूचा! माझ्याच अंगावर काटा आला. एक घंटा वाजली. मग दुसरी. एकेक शेळी धुक्यातून माझ्याकडं बघत आली, जशी काही मला जुनी ओळखत होती.

तात्या लहान पोरासारखे रडले. वहीतलं मला एक अक्षर आठवलं नाही. नुसती शेजारी बसून राहिले. लोक पांगले, चहा निवला, मग तात्यांनी दुसरा कप माझ्याकडं सरकवला.

"मंगळवारी मंगलताईंकडं येता?" मी विचारलं.

"मला काय येड लागलंय व्हय?"

"नाही हो! गुडघा दाखवायला."

मंगलताईंनी गुडघ्याचं नावही काढलं नाही. "काकू चहात काय घालायच्या?" एवढंच विचारून दार लोटलं. दीड तास! शेवटी आतून तात्यांचं हसू ऐकू आलं, तेव्हा मी बाकावरून पडायचीच बाकी होते. ते आता दर मंगळवारी उतरतात, आणि येताना पारावर चहाही घेतात.

पुढच्या मंगळवारी बाकावर ज्ञानू भगत! "गुडगा," तो जमिनीकडं बघून म्हणाला. त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी चौघं. सगळ्यांचे गुडघेच! नर्सबाईंनी दिलेली मलमाची ट्यूब अजून एकानंही उघडलेली नाही.

काल मी बिल्ला मिरवत घरी आले. आबा टेम्पोत. इंजिन बंद, नजर भिंतीवर. मी काच वाजवली, तर असे दचकले की भूत मीच!

"काय करताय आबा?"

"काय न्हाई गं. बसलोय."

आणि मी मठ्ठ, याच टेम्पोला वळसा घालून डोंगर चढत होते!

जेवताना मी ताट बाजूला सारलं. "आई, आबा, मी एक ठरवलंय!"

"आता काय, शेळ्या पाळणार?" आई म्हणाली.

"नाही. येत्या मंगळवारी आबांचा गुडघा दुखणार आहे!"