बंद पाळणाघराची निम्मी फी

"पोर सांभाळायला काय लागतं? एक हात! दुसऱ्या हातानं मी ऑफिस चालवीन!"

एबोनं हे बायकोला इतक्या जोरात सांगितलं, की अक्रातली त्यांची अख्खी गल्ली ऐकून मोकळी झाली. महामारीनं शाळा बंद, पाळणाघरं बंद. एबोची विमा कंपनी घरातल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलेली. बायको आराबा औषधाच्या दुकानात, तिला कसली सुट्टी? आणि त्यात पाळणाघराच्या दापाबाईंचा निरोप आला : मुलं येत नसली तरी निम्मी फी द्या हो, नाहीतर शुक्रवारी मला जागा सोडावी लागेल.

"देऊन टाक ना," आराबा म्हणाली. "बाईंनी जागा सोडली तर अडोमाला पुढे ठेवायचं कुठे? तिथेच तर चमच्यानं खायला शिकली पोरगी."

"बंद दाराला पैसे? मला काय वेड लागलंय?"

एवढ्यावर थांबेल तर तो एबो कसला! ऑफिसच्या व्हिडिओ बैठकीतही त्यानं हेच रडगाणं गायलं. सासूबाई आजारी आहेत, केप कोस्टहून येऊ शकत नाहीत, आणि ही दापाबाई निम्मी फी मागतेय, बघा!

गुरुवारी त्या एका हाताची परीक्षा झाली. दोन वर्षांच्या अडोमानं सकाळचा कोको, म्हणजे तिची मक्याची पेज, लॅपटॉपला भरवली. मग बापाचा एक बूट बादलीत आंघोळीला घातला. मग तिला झोप आली, आणि झोप आली की तिला पाठ लागते. आईची नाहीतर दापाबाईंची. मांडी चालत नाही, पाळणा चालत नाही. तिनं असा काही टाहो फोडला, की शेजारचा कुत्राही तिला साथ द्यायला लागला.

बैठक सुरू व्हायची वेळ. आराबाची पोर बांधायची कापडं सगळी दोरीवर ओली. एबोनं कपाटात हात घातला, हाताला लागलं ते कापड ओढलं, अडोमाला पाठीवर टाकलं आणि छातीवर गच्च गाठ मारली. पोरगी क्षणात गप्प! एबो विजयी मुद्रेनं कॅमेऱ्यासमोर बसला.

कापड होतं तांबडं-काळं. घरातलं जवळचं माणूस गेलं की अंगावर येतं ते, आणि ते दिसलं की लोक अंत्यविधीला पैशांचा हातभार लावतात. अक्रात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ज्याच्या कानाशी पोर किंचाळतंय, त्याला रंग कुठले दिसायला!

बैठकीतले सगळे पुढे झुकून बघायला लागले. पाठीवरची अडोमा कोणाला दिसत नव्हती, दिसत होती फक्त ती गाठ. बेंटिलसाहेबांनी चष्मा काढला. एरवी माणसाला फाडून खाणारे साहेब हळूच म्हणाले, "एबो, तू कशाला आलास बाबा? जा, आठवडाभर सुट्टी घे. आम्ही आहोत ना!"

"थँक यू, साहेब!" एबो भारावून म्हणाला. बापाची व्यथा समजणारा साहेब मिळायला भाग्य लागतं!

संध्याकाळी फोन वाजायला लागला तो थांबेचना. मोबाइलवर पैसेच पैसे! लेखा विभागातल्या डीडेनं पाठवले, साहेबांनी पाठवले, शिपायानंसुद्धा. सोबत एकच ओळ : "आम्ही तुझ्या पाठीशी आहोत." एबोनं सगळ्यांना हात जोडलेली चित्रं पाठवली.

"बघितलंस? मी फीचं सांगितलं, तर अख्खं ऑफिस मदतीला धावलं!"

"मग आता तरी भर फी," आराबा म्हणाली.

तेवढ्यात आणखी पैसे आले. दापाबाईंकडून! एबो खुर्चीवरून उडालाच. "हरली! बाई हरली! मागचे पैसेसुद्धा परत करतेय!" आणि त्या आनंदात त्यानं कोपऱ्यावरून भाजलेलं मटण मागवलं.

शुक्रवारी सकाळी फाटक वाजलं. रस्ते नुकतेच खुले झालेले. पहिल्या ट्रोट्रोनं, म्हणजे वडापच्या गाडीनं, सासूबाई हजर, डोक्यावर कच्च्या केळ्यांचा घड. "गुडघे गेले खड्ड्यात! माझी नात कुठाय?"

त्या टेकतात न टेकतात तोच फाटक पुन्हा वाजलं. सासूबाईंनीच उघडलं. बाहेर काळे कपडे, काळा मास्क घातलेले बेंटिलसाहेब, हातात दुखवट्याच्या घरी नेतात तसं पाण्याच्या बाटल्यांचं खोकं. मागे डोळे पुसत डीडे.

"अगं बाई! कोण गेलं?" सासूबाईंनी छातीवर हात ठेवला.

साहेबांनी खोकं खाली ठेवलं. "आम्ही आराबाच्या आईंसाठी आलोय."

"मीच ती! बोला!"

डीडे किंचाळून साहेबांच्या मागे लपली. तेवढ्यात एबो बाहेर आला, पाठीवर अडोमा, छातीवर कालचीच हुकमी तांबडी-काळी गाठ. सासूबाईंनी गाठ बघितली, साहेबांचे कपडे बघितले आणि त्यांच्या लक्षात सगळं आलं.

"वा, जावईबापू! पोर झोपवायला मला मारलंत?"

"सासूबाई, देवाशप्पथ, ओल्या कापडांमुळे... मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांचे पैसे परत करतो!"

"परत? माझ्या मरणाचे पैसे आहेत ते. आणा तो फोन!" त्या चष्मा लावून बघायला लागल्या. "साहेब, केवढी मोठी गाडी तुमची, आणि माझ्यावर एवढेच?"

बेंटिलसाहेबांनी मुकाट्यानं फोन काढून आणखी पाठवले.

"आणि ही दापा कोण? सगळ्यांत जास्त हिनेच दिलेत."

"माझा भाचा तिच्याकडेच असतो," डीडे पुटपुटली. "मीच कळवलं तिला. म्हणाली, अडोमाची आजी गेली, रिकाम्या हातानं कसं राहू?"

जिची निम्मी फी एबोनं बुडवली, तिनं कुठून आणले असतील ते पैसे? एबोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालचं मटण याच पैशांच्या आनंदात खाल्लेलं! त्यानं तिथेच उभ्या उभ्या दापाबाईंचे पैसे परत पाठवले, वर फी भरली. निम्मी नाही, पूर्ण! फोन करून माफीही मागितली. बाई आधी रडल्या, मग आजी जिवंत आहे हे ऐकून खो खो हसल्या. जागा वाचली.

"छान केलंत," सासूबाई म्हणाल्या. "आता पाळणाघर उघडेपर्यंत मी इथंच राहते. अडोमाला मी बघते."

एबोनं सुटकेचा निःश्वास टाकला. "सासूबाई, तुमचे उपकार..."

"उपकार कसले? बंद दाराला पूर्ण फी भरलीत ना? माझं दार तर उघडं आहे!" त्यांनी अडोमाला स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि मोकळा झालेला हात एबोसमोर पसरला. "पाळणाघर रोजचं आहे, रोज संध्याकाळी पैसे. आणि कापड मात्र दुसरं आणा!"